घरी येणाऱ्या सिस्टरांची सर्व्हिस, कोल्हापूर: पाचपैकी चार स्टार, आणि का ते सविस्तर

रेटिंग आधीच सांगून टाकते, चार स्टार. सिस्टर आणि ब्रदर (पुरुष नर्स) यांच्या कामाला पाच, ब्यूरोच्या ऑफिसला आणि त्यांच्या करारनाम्याला तीन, म्हणून चार. मी स्वतः स्टाफ नर्स आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, बरीच वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे, कारण "सिस्टर गोड बोलतात, वेळेवर येतात" एवढ्यावर मला थांबता येत नाही. गोड बोलणं पाहिजेच, पण एक परका माणूस रात्रंदिवस आपल्या माणसाच्या अंगाला हात लावणार, सुई टोचणार, नळ्या बघणार, तर त्याच्यावर कायद्याने काय जबाबदारी आहे आणि माणूस म्हणून काय आहे, आणि तो ती पाळतोय का, हे बघायला नको का? घरचे लोक हे बघत नाहीत, त्यांना सुचतच नाही, त्यांचा दोष नाही, ते आधीच घाबरलेले असतात.

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शुगर तर जुनीच, आणि नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी म्हणजे राईल्स ट्यूब, लघवीला नळी म्हणजे कॅथेटर अशा अवस्थेत डिस्चार्ज मिळाला. घर कसबा बावड्यात. मी सासरी फुलेवाडीला आणि माझ्या शिफ्ट फिरत्या, भाऊ उद्यमनगरात लेथवर, वहिनीची शाळा, आईचे गुडघे गेलेले. माणूस ठेवल्याशिवाय पर्यायच नव्हता.

पहिल्यांदा ज्या ब्यूरोला फोन केला, त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी पांढरा ड्रेस घातलेली एक पोरगी पाठवली. कामाला चांगली होती, हात स्वच्छ धुवून आली, आप्पांना नमस्कार केला. मी विचारलं रजिस्ट्रेशन नंबर काय आहे बाळा, तर तिने कुठल्यातरी क्लासचं सहा महिन्यांचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं. ब्यूरोला फोन केला तर म्हणे "मॅडम, इंजेक्शन, सलाईन, सगळं येतंय तिला". येतंय हा प्रश्नच नाही ना. आपल्या राज्यात महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट १९६६ चा आहे, त्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलेलं असल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, मग एएनएम हा नर्सिंगचा छोटा कोर्स असो, जीएनएम असो की बीएस्सी, आणि ती नोंदणीसुद्धा जन्मभराची नसते, दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते. त्या पोरीला कुणी हे सांगितलेलंच नव्हतं. तिला बाराशेची नर्स म्हणून लोकांच्या घरी पाठवायचं, आणि उद्या काही झालं तर पोलीस स्टेशनला उभी राहणार ती एकटी. मला तिचंच जास्त वाईट वाटलं.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. टायफॉइडसाठी ॲडमिट केलेलं लहान पोरगं, नर्सने शिरेतून इंजेक्शन दिलं आणि पोराचं हृदय थांबलं. जीव वाचला पण मेंदूला कायमची इजा झाली. नंतर निघालं की ती नर्स क्वालिफाइडच नव्हती. भरपाई हॉस्पिटलला भरावी लागली, पोराला साडेबारा लाख आणि आईवडिलांना ५ लाख, आणि कोर्टाने हेपण सांगितलं की पोराला घेऊन येणारे आईबापसुद्धा कायद्याने ग्राहकच. पण त्या पोराचं काय परत आलं, सांगा.

तर आता ही सर्व्हिस, जिचा हा रिव्ह्यू आहे. फोन केला तेव्हा त्यांनी रेट सांगायच्या आधी डिस्चार्ज समरी मागितली, हे मला पहिल्यांदा आवडलं. ती वाचून त्यांच्या इन्चार्ज सिस्टरांचा उलट फोन आला, राईल्स ट्यूब किती तारखेला घातली, कॅथेटर कधी बदलायचा, पाठीला काही लाल झालंय का, घरात कोण निर्णय घेणार, तातडीच्या वेळी कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा, हे सगळं विचारलं. मग सांगितलं की इंजेक्शन आणि नळ्या आहेत म्हणजे तुम्हाला दोन्ही वेळेला रजिस्टर्ड लागणार, अटेंडंट देऊन चालणार नाही. अटेंडंट त्यांच्याकडे आहेत, पण त्यांनी काय करायचं आणि काय नाही याची लेखी यादी आहे, अंघोळ, कूस बदलणं, कपडे, चालवणं हे करायचं, इंजेक्शनला हात लावायचा नाही. दिवसाला सिस्टर आणि रात्रीला ब्रदर मिळाले, दोघांची रजिस्ट्रेशनं मी रिन्यूअलच्या तारखेसकट बघितली. त्यांनी कपाळाला आठी न घालता दाखवली, दिवसाच्या सिस्टर तर म्हणाल्या "बघायलाच पाहिजे ताई, सगळ्यांनी बघायला पाहिजे."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री आप्पा ओरडायला लागले. बोलता येत नाही त्यामुळे नुसता घशातून आवाज, डाव्या हाताने चादर ओढणं, पाय झाडणं. आमचे धाकटे काका मुक्कामाला होते, त्यांना बीपी, त्यांचीपण झोप नाही. ते उठून आले आणि ब्रदरना म्हणाले, "एक झोपेची गोळी द्या की ओ, माझ्याकडं आहे, मलाच डॉक्टरनी दिल्याली. गप झोपतील." अशा वेळी बरेच जण देतात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पेशंट झोपला की घरचे खूश आणि ड्युटीवाल्यालापण आराम. ब्रदर म्हणाले, "काका, डॉक्टरांची ऑर्डर नाही, मी देणार नाही. पण का ओरडालेत ते बघूया की आधी." आणि त्यांनी लाईट लावला, आप्पांना सांगितलं की आप्पा, मी पोटाला हात लावतोय हं, ओटीपोट दाबून बघितलं तर टम्म फुगलेलं. युरीन बॅगेत संध्याकाळनंतर काही उतरलेलंच नव्हतं. पांघरूण काढून नळीवरून हात फिरवत गेले तर मांडीखाली नळी दुमडलेली. सरळ केली आणि बॅग भरायला लागली. आप्पा हळूहळू शांत झाले, घाम पुसला, मग ब्रदरनी डॉक्टरांना मेसेज टाकला, वहीत वेळ घालून लिहिलं की काय दिसलं, काय केलं, किती लघवी उतरली, कुणाला कळवलं.

आता विचार करा, गोळी दिली असती तर आप्पा सुन्न पडले असते आणि ब्लॅडर सकाळपर्यंत तसंच ताणलेलं राहिलं असतं. दुखतंय हे सांगायची एकच वाट त्यांच्याकडे उरली होती, ओरडायची, तीपण बंद केली असती. दुसऱ्याच्या नावाची गोळी तिसऱ्याला देणं हे कायद्याने चूक आहेच, झोपेची आणि चिंतेची औषधं तर प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायचीच नाहीत, पण त्याहून मोठं म्हणजे पेशंटला गप्प करणं आणि पेशंटला बरं वाटवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चांगल्या नर्सला त्यातला फरक झोपेतपण कळतो. काकांना राग आला होता सुरुवातीला, सकाळी चहा घेताना त्यांनीच ब्रदरना खुर्ची दिली.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची, आणि ही ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांनी नीट वाचा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली येते ती बहुतेक ४० युनिट प्रति एमएल ताकदीची, आणि पेनात घालायची काडतुसं येतात ती १०० ची. सिरिंजपण दोन प्रकारच्या, चाळीसवाल्या बाटलीला लाल टोपणाची आणि शंभरवाल्याला केशरी टोपणाची. भावाने घाईत मेडिकलमधून सिरिंज आणल्या, त्या केशरी निघाल्या, आणि बाटली चाळीसची. सिस्टरांनी पाकीट फोडलंच नाही. त्यांनी मला फोन करून सांगितलं, ताई हे जुळत नाही, या सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात ४ च युनिट जातील, बदलून आणेपर्यंत मी थांबते, शुगर आत्ता एवढी आहे, डॉक्टरांना कळवते. उलटं झालं असतं, म्हणजे शंभरच्या काडतुसातून लाल सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं, तर २५ युनिट गेले असते. बोलता न येणाऱ्या माणसाची शुगर रात्री खाली गेली तर तो कुणाला सांगणार? भाऊ परत जाऊन लाल टोपणाच्या घेऊन आला, इंजेक्शनला थोडा उशीर झाला, तो उशीरसुद्धा कारणासकट वहीत लिहिला.

आम्हाला ट्रेनिंगला पाठ करून घेतात, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाठ सगळ्यांना असतं, पण घरात कोणी बघायला नसताना दर वेळी करणं हे फार थोडे करतात. आणि "डॉक्टरांनी लिहिलं होतं, मेडिकलवाल्याने दिलं होतं" हे सांगून नर्सची सुटका होत नाही, कारण देणारा हात तिचा. ऑर्डर चुकीची वाटली तर विचारणं, आणि उत्तर पटेपर्यंत न देणं, हे नर्सचं कामच आहे, आगाऊपणा नाही. तोंडी ऑर्डर फोनवर आली की या सिस्टर ती परत वाचून दाखवतात, "सर, अमुक औषध, इतके मिलीग्रॅम, राईल्स ट्यूबमधून, बरोबर?" आणि नंतर डॉक्टरांकडून लेखी मेसेज मागून घेतात. एका डॉक्टरांना सुरुवातीला ते आवडलं नव्हतं, आवाजात कळत होतं, पण त्यांनी मेसेज पाठवला.

इथे माझ्या नर्स मैत्रिणींसाठी एक सांगते कारण आमच्यातच अनेकींना माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हयगयीमुळे मृत्यू हे पूर्वी आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, ३०४ अ मध्ये होतं, जास्तीत जास्त २ वर्षं. आता ते कलम १०६ आहे आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत. उपचार करताना झालं तर डॉक्टरांसाठी ती २ वर्षांपर्यंतच ठेवलीय, पण डॉक्टर म्हणजे ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरवर आहे तोच, असं कलमातच स्पष्ट लिहिलंय. नर्स त्यात येत नाही. म्हणजे एकाच बेडजवळ उभ्या असलेल्या दोघांपैकी नर्सवर जास्त शिक्षेची टांगती तलवार, आणि पगार कुणाचा कमी ते सगळ्यांना माहीत आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा वेगळा, फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणाच लागतो. पण तुमचा निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायला हातात काय असतं? तुम्ही लिहिलेलं. दुसरं काही नाही.

म्हणून मला या लोकांची वही फार आवडली. साधी फुलस्केप वही, पण रकाने आखलेले, बीपी, पल्स, शुगर, फीड किती आणि कधी, लघवी किती, कूस कुठल्या बाजूला, औषध कुठलं, सही. चुकलं तर व्हाइटनर नाही, गिरवागिरवी नाही, एक आडवी रेघ मारून बाजूला सही आणि बरोबर नोंद. शिफ्ट बदलताना दोघं आप्पांच्या पलंगाशी उभं राहून हँडओव्हर करतात, म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्याला सोपवतात, आणि आप्पांना वगळून नाही, त्यांच्याकडे बघून. एकदा ब्रदरनी सकाळी स्वतःहून सांगितलं की रात्रीची रक्त पातळ करायची गोळी उशिरा गेली, ट्यूब ब्लॉक झाली होती, ती मोकळी करून मग दिली, डॉक्टरांना कळवलंय. सांगितलं नसतं तर आम्हाला आयुष्यात कळलं नसतं. मी वॉर्डात चुका लपवताना बघितलंय, भीतीने लपवतात, मेमोच्या भीतीने, पगार कापायच्या भीतीने, आणि लपवलेली चूक पुढच्या शिफ्टवाल्याच्या पदरात पडते. जो माणूस न विचारता सांगतो त्याच्या हातात मी माझा बाप निर्धास्त सोपवते.

बेडसोरचंही, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचंही तेच. माकडहाडापाशी लालसर डाग दिसला तो सिस्टरांनीच पहिल्यांदा दाखवला, बोटाने दाबून दाखवलं की दाबल्यावर पांढरा होत नाही म्हणजे ही सुरुवात आहे, आजपासून तासांचं गणित बदलूया, दोन तासाच्या आत कूस आणि हवेची गादी मागवा. डाग गेला. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग यांची आठवण आली, त्या स्वतः नर्स होत्या, १९७३ मधल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, आणि २०१५ पर्यंत तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, आणि २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्या स्टाफच्या सेवेची मनापासून वाखाणणी केली होती. कुठल्याही कायद्यात इतकी वर्षं असं करा म्हणून लिहिलेलं नाही, हे आतूनच यावं लागतं.

आता थोडं अवघड सांगते. आप्पांना पांढरा रस्सा जीव की प्राण. आईला वाटायचं, तोंडाला चव तरी लागू दे, "एक चमचा घातला तर काय हुतंय गं?" गिळणं तपासलेलं नव्हतं, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. सिस्टरांनी नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून मोकळ्या झाल्या नाहीत. आईला बसवून समजावलं, मग आप्पांना विचारलं, "आप्पा, तोंडाने खायचंय का?" आप्पांनी मान हलवली, जोरात हलवली, डोळ्यांत पाणी. त्यांनी ते डॉक्टरांना जसंच्या तसं कळवलं, की पेशंटची स्वतःची इच्छा आहे, गिळण्याची तपासणी करता येईल का. तपासणी झाली, थेरपिस्टने आधी घट्ट पदार्थ सांगितले, बसवून, हनुवटी खाली करून, चमचा चमचा. पातळ रस्सा अजून नाहीच, पण मऊ भात रश्शात कालवून, मिक्सरला घट्ट फिरवून, डॉक्टरांना विचारून एक दिवस दिला. आईने भरवला, सिस्टर बाजूला घशात अडकलेलं ओढून काढायचं सक्शन मशीन चालू करून उभ्या होत्या. पेशंटला धोक्यापासून वाचवणं हे एक कर्तव्य आणि पेशंटला काय हवंय ते ऐकणं हे दुसरं, दोन्ही एकमेकांशी भांडतात तेव्हा नर्सची खरी परीक्षा. बोलता येत नाही म्हणजे मत नाही असं नाही. २००८ च्या समीरा कोहली निकालात कोर्टाने संमतीबद्दल जे सांगितलं ते डॉक्टरांबद्दल आहे, की समजावून सांगून पेशंटची स्वतःची संमती घ्या, पण तो धागा कॅथेटर बदलण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळीकडे लागू व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि हे दोघं तसं वागतात. प्रत्येक वेळी दार लावून, पडदा ओढून, आधी सांगून.

पडद्यावरून आठवलं. आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पन्नासेक माणसं. पुण्याचा चुलतभाऊ रोज म्हणायचा सिस्टरांना फोटो टाकायला सांगा. सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, मी फोटो टाकणार नाही, त्यांची तब्येत त्यांची आहे, घरातल्या ज्याला सांगायचं ठरलंय त्याला मी सांगेन, बाकीच्यांना तुम्ही सांगा. माकडहाडाच्या डागाचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा होता तेव्हासुद्धा आप्पांना आणि आईला विचारून, चेहरा न घेता, आईच्या फोनवरून पाठवला, स्वतःच्या फोनमध्ये ठेवला नाही. शेजारच्या काकू दारात विचारायच्या, "कसं हाय, उठत्यात का?" त्यांना हसून "आईंना विचारा की" एवढंच. काही लोकांना हे तुसडेपणाचं वाटलं. मला नाही वाटलं. आप्पा बावड्यात ताठ मानेने फिरलेला माणूस, त्यांच्या कॅथेटरची चर्चा गल्लीत होऊ न देणं हा त्यांचा मान आहे.

सुया आणि सिरिंजचं पटकन सांगते, त्या घरच्या कचऱ्यात टाकत नाहीत, टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जमा करून ब्यूरो घेऊन जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत धारदार वस्तूंना तोच डबा आहे. महापालिकेच्या घंटागाडीवरच्या माणसाला सुई टोचू नये एवढं कळायला खरंतर नियमाचीपण गरज नको.

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं, राजाराम बंधारा पाण्याखाली आणि बावडा ते शिये रस्ता बंद. रात्रीचे ब्रदर शियेकडून येतात, ते अडकले. ब्यूरोचा फोन लागेना. सिस्टरांची १२ तासांची ड्युटी संपलेली, त्यांच्या घरी लहान पोर, तरी त्या हलल्या नाहीत. हातातला पेशंट दुसऱ्या जबाबदार माणसाकडे सोपवल्याशिवाय सोडून जायचं नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मी फुलेवाडीहून भिजत पोचले, माझ्याकडे वहीसकट पूर्ण हँडओव्हर दिला, मगच निघाल्या, भाऊ सोडायला गेला. त्या जादा तासांचे पैसे ब्यूरोने त्यांना दिले का हे मी नंतर विचारलं, आणि इथून माझा एक स्टार कापायचं कारण सुरू होतं.

पैसे दिले नव्हते. आमच्याकडून रजिस्टर्डचे १२ तासाला बाराशे घेतात, अटेंडंटचे सातशे, बावड्यातल्या कुटुंबाला हे जड आहे पण काम बघता मी तक्रार करत नाही. पण त्यातला सिस्टरांच्या हातात किती पडतो ते ऐकून मला राग आला. आकडा त्यांनी विश्वासाने सांगितला म्हणून लिहीत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती, तिने ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सचा पगार २०,००० च्या खाली नको म्हणून शिफारस केली, आता एवढी वर्षं झाली त्याला. ती हॉस्पिटलसाठी होती हे मान्य, पण घरी जाणाऱ्या नर्सचं काम कमी आहे का? तिच्याजवळ तर मदतीला दुसरी सिस्टर नाही, हॉस्पिटलात मुक्कामी असणारा डॉक्टर म्हणजे आरएमओ नाही, बेल दाबली की येणारे वॉर्डबॉय मामा नाहीत. दुसरं म्हणजे ओरिजनल सर्टिफिकेटं ब्यूरोने स्वतःकडे ठेवून घेतलीत, "सोडून जाऊ नये म्हणून". बघून झेरॉक्स ठेवा, ओरिजनल अडकवून ठेवायचा हक्क कुणाला नाही. ज्यांच्याकडून आपण इतकी नीती मागतो त्यांच्याशी मालक असं वागणार असेल तर ती नीती टिकायची कशी.

तिसरं, मधे एकदा ब्रदर सुट्टीवर होते तेव्हा बदली म्हणून अटेंडंट पाठवला आणि आम्हाला सांगितलंच नाही. तो बिचारा प्रामाणिक, दारातच म्हणाला मी इंजेक्शन देत नाही, मला यादी दिलीय. रात्रीचं इन्सुलिन मी जाऊन दिलं. ऑफिसने सकाळी सॉरी म्हटलं आणि फरकाचे पैसे परत केले, तेवढं बरं. ज्या घरात कोणी नर्स नाही तिथे काय झालं असतं?

आणि करारनाम्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम आहे, की स्टाफच्या कोणत्याही कृतीला ब्यूरो जबाबदार राहणार नाही. असं कागदावर छापून हात वर करता येत नाहीत. तुम्ही माणूस पाठवता, पैसे तुम्ही घेता, तर त्याच्या कामातल्या हयगयीची जबाबदारी तुमच्यावरपण येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे त्यात सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, २ वर्षांच्या आत. एकतर्फी करारांची गोष्टसुद्धा त्या कायद्यात वेगळी घातलीय. मी ते कलम पेनाने खोडून, बाजूला सही करून, मगच करार दिला. त्यांनी घेतला. म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

ज्यांना ही सर्व्हिस घ्यायची असेल त्यांनी माझ्या मते बिनधास्त घ्या, पण ठरवताना रजिस्ट्रेशन आणि त्याची मुदत स्वतः बघा, बदली कोण येणार हे लेखी घ्या, वही पहिल्या दिवसापासून मागा आणि ते कलम खोडा. पेशंटला नळी किंवा इंजेक्शन नसेल, नुसतं उठबस आणि अंघोळ असेल तर त्यांचे अटेंडंटपण चांगले आहेत, उगाच रजिस्टर्डचा खर्च करू नका. जादा तासांचे पैसे आणि ओरिजनल सर्टिफिकेटं याबद्दल मी ऑफिसला पत्र दिलंय, पोच घेतलीय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन, आणि त्यावर स्टार वाढवायचा की अजून एक कमी करायचा ते ठरवीन.